ओळख देणारे दोन इसम

आमच्या खात्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. दस्त नोंदला की जमीन आपली झाली, असं त्यांना वाटतं. नोकरीत असेपर्यंत मी तो मोडायच्या फंदात पडले नाही, कारण त्या गैरसमजापायी लोक टेबलापुढे जरा वाकून उभे राहत. आता माझ्यापुढे वाकून उभं राहणारं घरात कोणी उरलेलं नाही, तेव्हा खरं काय ते सांगून टाकते. आम्ही एवढंच लिहून घेत होतो की अमुक माणूस अमुक दिवशी आमच्यासमोर आला आणि ‘ही सही माझी’ असं म्हणाला. जमीन त्याचीच आहे का, हे आम्ही विचारत नव्हतो. ते आमचं कामच नाही, असं कायदा सांगतो. आणि तो माणूस तोच आहे का, हेही आम्ही विचारत नव्हतो. ते मात्र आमचं काम होतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या चार-पाच नोंदणी कार्यालयांत माझी नोकरी झाली. त्यातलं हे कुठलं, ते सांगणार नाही. मिरकरवाड्याची मासळी दुपारच्या डब्यात येईल इतकं जवळ होतं, एवढं पुरे. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. संगणक यायचे होते, फोटो काढायची पद्धत नव्हती. शाईचा पॅड, अंगठ्यांची वही आणि मी, एवढ्यावर तालुक्यातल्या जमिनी इकडून तिकडे जात.

तेव्हाची मी कशी होते, ते सांगायला हवं. चव्वेचाळीस वर्षांची, नाकावर चष्मा, कडक इस्त्रीची साडी, आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात नियमांचं पुस्तक, पूजेत ठेवावं तसं. कोणीही काहीही विचारलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघे, ‘पुरावा?’ आमचे हे घरी म्हणत, “चहात साखर कमी आहे असं म्हटलं तरी ही पुरावा मागेल.” मला ती स्तुती वाटायची. इतकी मी शहाणी.

समोरचा माणूस तोच हे ठरायचं कसं, तर त्याला ओळखणारे दोन इसम बरोबर आणायचे. ‘लिहून देणार यांस आम्ही जातीने ओळखतो’ असं म्हणून त्यांनी सही करायची, की ओळख पटली. नियम चांगला होता. गावातला माणूस गावातल्या दोघांना घेऊन येईल, असं तो करणाऱ्यांना वाटलं असणार. पण आमच्या आवारात आंब्याखाली दोघं कायमचे बसलेले असत. एक नाना आणि एक अण्णा. स्टँपवाल्याच्या शेजारी त्यांची बाकडी. कोणाला ओळखदार कमी पडला की ते उठून आत यायचे आणि सही करून परत आंब्याखाली. दिवसाला पंधरा-वीस माणसांना ते जातीने ओळखत. एकदा मी नानांना विचारलं, “नाना, ह्यांना कधीपासून ओळखता?”

“हे काय, आत्ताच ओळख झाली,” नाना म्हणाले. “भला माणूस आहे.”

सगळे हसले. मीही हसले आणि शिक्का मारला. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

वैशाखात एक बाई माझ्या टेबलाशी आली. पन्नाशीची, सुकलेली, हातात कापडी पिशवी. मंडणगडाहून पहाटेची एसटी धरून, पाच तास खडखडत आलेली. पिशवीतून तिनं सातबाऱ्याचा उतारा काढला, चार घड्या घातलेला.

“बाईसायेब, ह्या कलमांत माजा नाव हाय. माजा भाचा बाग इकतोय. माका इकायची नाय. ह्या कोनाला सांगू?”

मी उतारा पाहिला. लांज्याच्या वाटेवरचं एक गाव, गावाचं नाव राहू दे, माणसं अजून आहेत. दीड एकराची हापूसच्या कलमांची बाग. एक नाव तिच्या वारलेल्या भावाच्या मुलाचं. त्याखाली दुसरं नाव: ‘देवकी लक्ष्मण शिवगण, अ. पा. क. आई’. म्हणजे अज्ञान, पालनकर्ती आई. बाप वारला तेव्हा पोर दहा वर्षांची होती. तेव्हाच्या तलाठ्यानं तसं लिहिलं आणि पुढे चाळीस वर्षं ते कोणी बदललं नाही. आई जाऊनही जमाना झाला होता. सरकारदरबारी ही पन्नाशीची बाई अजून आईच्या कडेवर होती.

“तुमचं नाव?”

“देवकी.”

“ओळखपत्र?”

तिनं मतदानाचं कार्ड दिलं. त्यावर होतं, सुमती तुकाराम पवार.

“ह्यात सुमती आहे.”

“ता लग्नातला.”

“मग देवकी तुम्हीच, याला पुरावा काय?”

ती गोंधळली. असला प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारलेला नव्हता. “पुरावा कसला? लग्न होऊन घरात आलू, सासूनं तांदळाचं ताट पुढं ठेवलान. न्हवऱ्यानं आंगठीनं त्यात नाव काढलान. माका कुठं वाचता येत होता? बाजूची बाय बोलली, आजपासनं तू सुमती. मग त्या तांदळाचा भात झाला.”

आता गंमत बघा. मी स्वतः माहेरची कुसुम. लग्नात माझ्याही नावाचे तांदूळ झाले आणि मी मृणालिनी झाले. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर मृणालिनी. नोकरी लागताना त्यापायी प्रतिज्ञापत्र केलं, सरकारी राजपत्रात नाव छापून आणलं, आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला. आपण केलं ते सगळ्या बायकांनी का करू नये, असं मला मनापासून वाटायचं. म्हणून मी तिला सांगितलं, “मावशी, राजपत्रात छापून घ्या.”

“ता कुठं छापतात?”

“मुंबईला.”

तिनं मान हलवली. मुंबईला जाणं काही अवघड नाही, असं तिला वाटावं अशा थाटात मी बोलले होते. मग वर आणखी ऐकवलं की आम्ही हरकती घेत नाही, हरकत तलाठ्याकडे, तीही फेरफार पडल्यावर, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलायची नोंद झाली की. आधी नाही. म्हणजे चोरी होऊ द्या, मग या. असंच असतं ते, आणि मी ते नियमाच्या पुस्तकातलं पान उघडून तिला दाखवलं. जिला वाचता येत नाही तिला.

जाताना ती म्हणाली, “भाव गेला, भावजय गेली. म्हायेर म्हंजे आता तीच कलमां. वर्साला एक पेटी आणतंय. इकायला नाय, पोरांना.” मी पुढच्या माणसाला हाक मारली.

तीन आठवड्यांनी तो दस्त आला. मुंबईचा भाचा, पांढरा शर्ट, हातात चामडी बॅग. पुण्याचे खरेदीदार, गाडी लावून बाहेर थांबलेले. दस्त इतका सुबक टाईप केलेला की मी कौतुकानं दोनदा चाळला. समास सारखे, एक खाडाखोड नाही. लिहून देणार नंबर दोन, देवकी लक्ष्मण शिवगण. ती म्हणून एक ठेंगणी, गोरटेली बाई आणलेली, नवी साडी, मान खाली. आमच्या निबंधक साहेबांनी विचारलं, दस्त समजला का. तिनं मान हलवली. राजीखुशीनं देता का. मान हलवली. नाना आणि अण्णा आंब्याखालून उठून आले, त्यांनी तिला जातीने ओळखलं.

अंगठा मी घेतला. माझ्या हातानं. तिनं बोटं आखडून घेतली. मी म्हटलं, “घाबरू नका, मावशी, सैल सोडा,” आणि अंगठा पॅडवर फिरवून वहीत टेकवला. फार सुरेख उठला. सगळ्या रेषा स्वच्छ.

वाचणाऱ्याला प्रश्न पडेल, की हे लिहिणाऱ्या बाईला तीन आठवड्यांपूर्वीची देवकी आठवली कशी नाही? तेच तर. माझ्या डोक्यात ती देवकी नव्हतीच. कार्डावर सुमती वाचलं त्या क्षणी मी तिला सुमती करून टाकलं होतं. तेच गाव, तीच बाग, तोच उतारा, सगळं माझ्या हाताखालून गेलं, आणि ‘देवकी’ ह्या नावाशी माझ्या मनात कोणाचाही चेहरा जोडलेला नव्हता. म्हणून त्यांनी जो चेहरा आणून बसवला, तो मी मुकाट्यानं मान्य केला. जी खरी होती तिच्याकडे मी पुरावा मागितला. जी खोटी होती तिला मी मावशी म्हटलं.

दस्ताची वर्दी तलाठ्याकडे गेली, फेरफार पडला, नोटिसा निघाल्या. देवकीची नोटीस कुठे गेली? दस्तात देवकीचा पत्ता म्हणून भाच्याचाच पत्ता होता, तिथे. त्यानंच सही करून ती घेतली. पण एक प्रत चावडीच्या फळ्यावर लावावी लागते. देवकीची लहानपणची मैत्रीण गंगू त्याच गावात दिलेली. तिच्या सुनेनं पाणी आणताना ती वाचली. गंगूनं मंडणगडच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला, “पवारांच्या सुमतीला सांग, तुजी कलमां गेली.” कंडक्टरनं तो पोचवला. ह्या सगळ्या प्रकरणात ज्याचं काम नव्हतं आणि ज्यानं ते चोख केलं, असा हा एकटाच माणूस.

हरकतीचे पंधरा दिवस. ती तेराव्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली.

“बाईसायेब, माज्या नावानं कोन आंगठा देऊन गेली?”

ह्या वेळी मात्र मला सगळं एकदम समजलं. मी वही काढली. तो सुरेख अंगठा बघितला. मग तिचा डावा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्याच्या पेराला कोयतीचा जुना आडवा वण. पाच वर्षांची असताना बापाबरोबर भाजावळीला कवळाच्या फांद्या तोडताना लागलेला, असं ती म्हणाली. वहीतल्या अंगठ्यावर कसलाही वण नव्हता.

मी वही घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, एवढंच.

“लिमयेबाई, बसा,” ते म्हणाले. “आपण दस्त नोंदवला. ओळख दोन इसमांनी दिली. आपला संबंध संपला.”

“साहेब, ही बाई आधी येऊन गेली होती. माझ्याकडे.”

“तुम्ही तिची कुठे नोंद केलीत?”

“नाही.”

“मग ती आली नव्हती.”

“आली होती, साहेब. मी तिला राजपत्र आणायला सांगितलं.”

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “हे लेखी द्याल? अंगठा तुम्ही घेतलाय. पहिलं विचारतील ते तुम्हाला. नाना-अण्णाला कोणी विचारणार नाही.”

बरोबर होतं त्यांचं. अजूनही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी खोटं सांगितलं ते आंब्याखाली विडी ओढत होते आणि खरं सांगायचं तर नोकरी माझी पणाला. रागाच्या भरात मी टेबलाशी आले, कोरा कागद ओढला आणि लिहिलं. नियमाच्या पुस्तकाकडे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं नाही. ‘मी खाली सही करणार, असे लिहून देते की श्रीमती सुमती तुकाराम पवार या दस्तापूर्वी तीन आठवडे माझ्याकडे समक्ष आल्या होत्या व बाग विकण्यास त्यांचा नकार असल्याचे त्यांनी सांगितले होते.’ सही केली. शूरपणा केल्यासारखं वाटत होतं.

“वाचा,” देवकी म्हणाली.

मी वाचून दाखवलं.

“ही सुमती कोन?”

“तुम्ही, मावशी.”

“सातबाऱ्यात सुमती हाय?”

मी कागद पुन्हा वाचला. भाच्याच्या वकिलाला मी आयतं लिहून देत होते, की कोणी सुमती पवार नावाची परकी बाई येऊन गेली. इतकं सगळं होऊनही माझ्या पेनातून सुमतीच उतरली होती. मी तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिलं, ‘देवकी लक्ष्मण शिवगण, लग्नानंतरचे नाव सुमती तुकाराम पवार’. तिनं तो पुन्हा माझ्याकडून वाचून घेतला.

पुढचं काय झालं ते इथेच सांगते. तहसीलमधल्या साहेबांसमोर सुनावणी झाली. मी रजा टाकून गेले. ही देवकीच, हे सांगायला गावातून गंगू आणि आणखी एक मैत्रीण आली होती. साहेबांनी गंगूला नाव विचारलं. “गंगू,” ती म्हणाली. साहेब तिचं कार्ड बघून म्हणाले, “पण इथे शालिनी दिसतंय.” दुसरीचंही तसंच, माहेरची भागी, कागदावर विजया. साहेब हसले आणि म्हणाले, “म्हणजे आधी तुमचीच ओळख पटवायला हवी.” भाच्याचा वकीलही हसला. एकमेकींबरोबर चिंचा पाडून लहान झालेल्या तीन बाया तिथे उभ्या होत्या, त्यातली एकही सरकारला पटेल अशी नव्हती. आणि नाना-अण्णांची ओळख मात्र दस्तावर पक्की. गंगूनं साहेबांना तिथल्या तिथे विचारलं, “सायेब, तुमची बायको म्हायेरची कोन?” त्यांनी माझा कागद पुढे ओढला आणि दोनदा वाचला.

फेरफार नामंजूर झाला. दस्त मात्र नोंदलेलाच राहिला, कारण चुकून नोंदलेला दस्त पुसायचा अधिकार नोंदवणाऱ्याला नसतो. त्याला दिवाणी कोर्ट, आणि तिथे कित्येक वर्षं. पुण्याहून ठशांचा तज्ज्ञ येईपर्यंत भाच्याचे केस पिकले. ती गोरटेली बाई भाच्याच्या बायकोची लांबची मावशी निघाली. एका साडीवर आली होती. तिचा मला फारसा राग आला नाही. शेवटी कोर्टानं दस्त रद्द केला आणि बागेवर देवकीचं नाव राहिलं. मला मेमो मिळाला, मग बदली. नाना आणि अण्णांना कोणी काही विचारलं नाही. मी ते कार्यालय सोडलं त्या दिवशीही ते कोणाला तरी जातीने ओळखत होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या तेराव्या दिवशी अजून हरकतीचा अर्ज द्यायचा राहिला होता, आणि तलाठी सकाळीच भेटतो, तेव्हा ती रात्री गंगूकडे राहणार होती. अर्ज मी लिहून दिला. खाली सहीसाठी जागा सोडली आणि शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

“आंगठा नको,” ती म्हणाली. “आंगठ्यानं तर ह्या झाला. माका सही येते.”

साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. पेन घेऊन तिनं माझ्या रद्दी कागदावर एकेक अक्षर काढून दाखवलं. सुमती. काढून झाल्यावर स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली.

“देवकी कसा काडतात?” तिनं विचारलं.

मी कागदावर मोठं काढून दिलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. आमच्या कार्यालयाची वेळ संपेपर्यंत ती तिथे होती. मी मधूनमधून खिडकीतून बघत होते. ‘द’ची गाठ तिला जमत नव्हती. कागद भरला की उलटा करून घेत होती. आत काम चालूच होतं, लोक येत होते, ‘पुरावा’ हा शब्द दोनदा माझ्या ओठांवर आला आणि दोन्ही वेळा मी तो गिळला. निघताना मी तिला वहीतली चार कोरी पानं फाडून दिली. सरकारी वहीतली. त्याचाही मेमो व्हायला हवा होता, पण कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेले. तलाठी भाऊसाहेब तरुण होता, उर्मट नव्हता, घाईत होता. अर्ज त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला. खालच्या सहीशी थांबला. ‘देवकी’. अक्षरं मोठी, वाकडी, ‘की’ची वेलांटी ओळीच्या बाहेर गेलेली, पण पूर्ण.

“ही सही कशाशी ताडून बघायची?” त्यानं विचारलं. “तुमच्या कार्डावर नाव वेगळंच आहे.”

मी तोंड उघडलं, नियम सांगणार होते. देवकीनं माझ्या हातावर हात ठेवला.

“भावसायेब,” ती म्हणाली, “ह्याच्यापुढं जी येल ती हिच्याशी ताडा.”

त्यानं अर्ज घेतला आणि पोचेची सही दिली. पोच कोणाच्या नावानं करू, असं त्यानं विचारलं नाही. कागदावरचं नाव वाचून लिहिलं.